आधी छत्री तपासा, मग उडी

मे महिन्यातली गोष्ट आहे. नागभीड तालुक्यातल्या एका गावी खरीपपूर्व सभा ठेवली होती. विषय नेहमीचाच, धानाची बीजप्रक्रिया. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बियाणे टाका, वर तरंगणारे पोचट दाणे काढून फेका, तळाशी बसलेले बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मी फळ्यावर आकडे लिहीत होतो आणि मंडळी समाजमंदिराच्या दाराकडे पाहत होती. बाहेर ऊन मी म्हणत होते आणि आत वीज गेलेली. मागच्या रांगेतले दोघे तर सरळ डुलक्या घेत होते.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "साहेब, मी एक इचारू काय? हवाई जहाजातून उडी मारली अन् छत्री उघडलीच नाही, तर मानसानं काय करावं?"

डुलक्या घेणारे जागे झाले. कोणी म्हणाले, देवाचे नाव घ्यावे. कोणी म्हणाले, विमा आधीच काढावा. विचारणाऱ्याने मान हलवली आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले, "नाही बापा. ते छत्री स्टोअरमंदी वापस न्यावी. ते दुसरी बदलून देतात. पैसे लागत नाही."

सगळे समाजमंदिर हसले. हसणे ओसरल्यावर तेच गृहस्थ उभे राहिले. "आता हसनं झालं. छत्री जहाजात चढाच्या आधी तपासा लागते. उडी मारल्यावर तपासून काय फायदा? बियान्याचं बी तसंच हाय. साहेब सांगून राहिले ते लिहून घ्या."

मला कृषी विस्ताराच्या नोकरीत दहा वर्षे होत आली. पदविकेच्या अभ्यासात विस्ताराच्या पद्धती आम्हाला पाठ कराव्या लागल्या होत्या. व्याख्यान, प्रात्यक्षिक, शिवारफेरी, चर्चासत्र, सगळे आले. पण 'हसवा आणि मग सांगा' ही पद्धत कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती मी त्या दिवशी एका निवृत्त हवालदाराकडून शिकलो. सभा संपल्यावर लोकांनी मिठाचे प्रमाण माझ्याकडून पुन्हा लिहून घेतले, हे आजवर माझ्या बाबतीत घडले नव्हते.

फौजी काकांचे अंगण

या गृहस्थांना गावात सगळे फौजी काका म्हणतात. नाव छापू नका असे त्यांनी मला बजावले आहे, तेव्हा इथेही तेच नाव. १९७८ साली ते भरती झाले आणि पुढे छत्रीधारी पलटणीत गेले. आता चार एकर धान, एक बोडी आणि दोन म्हशी असा त्यांचा संसार आहे. पहाटे भरतीच्या तयारीसाठी डांबरी रस्त्यावर धावणारी गावातली पोरे संध्याकाळी त्यांच्या अंगणात जमतात. सभेनंतर मीही दोन-चार वेळा तिथे जाऊन बसलो. जे ऐकले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

आपल्या फौजेत छत्रीधारी सैनिकांची परंपरा १९४१ पासूनची आहे. त्या वर्षी ५० वी पॅराशूट ब्रिगेड दिल्लीत उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन या रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. उड्यांचे शिक्षण आग्र्याला होते. पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, एवढे पार पाडले की छातीवर पंखांचे चिन्ह मिळते.

उडी कशी असते ते काका खाटेवर उभे राहून दाखवतात. विमानात एक लोखंडी तार ताणलेली असते. पाठीवरच्या छत्रीचा पट्टा त्या तारेला हुकने अडकवायचा. लाल दिवा असेपर्यंत दारात थांबायचे आणि हिरवा लागला की पाऊल बाहेर टाकायचे. तो पट्टाच ओढला जाऊन छत्री उघडतो. ती नाही उघडली तर छातीवर दुसरी राखीव छत्री असते, ती आपल्या हाताने उघडायची. जमिनीला टेकताना पाय जोडलेले, गुडघे किंचित वाकलेले आणि अंग एका कुशीवर लोळते सोडलेले. सारा खेळ काही सेकंदांचा.

"अन् ह्या काही सेकंदांवर पलटनीत रात्रभर गोष्टी चालतात," काका म्हणतात. त्यांनी त्या आपल्या उस्तादांकडून ऐकल्या आणि उस्तादांनी त्यांच्या वरच्यांकडून.

उंची कमी करा, साहेब

सर्वात जुनी गोष्ट गुरख्यांची. पहिल्या छत्रीधारी ब्रिगेडमध्ये गुरख्यांचीही एक बटालियन होती. तेव्हा घडलेली म्हणून ही गोष्ट सांगतात. गोऱ्या साहेबाने पलटण उभी केली आणि सांगितले की हजार फुटांवरून विमानातून उडी मारायची आहे, कोण तयार आहे? निम्मी पलटण पुढे आली आणि निम्मी जागच्या जागी. साहेबाला नवल वाटले, गुरखा मागे कसा? सुभेदार आपसात बोलून आला आणि म्हणाला, "साहेब, उंची पाचशे फूट केली तर सगळेच येतील." साहेब म्हणाला, "पाचशेवर तर छत्री उघडायला वेळच मिळणार नाही!" सुभेदाराचा चेहरा खुलला. "असं होय? छत्री देणार आहात का? मग हजारावरून चालेल."

काका हसतात आणि सांगतात की ही गोष्ट प्रत्येक पलटणीत आहे. गुरखे ती जाटांवर सांगतात, जाट शिखांवर, शीख मराठ्यांवर. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी नट ज्या गावी प्रयोग असेल त्या गावच्या पाटलाचे नाव घालून तोच विनोद करतो, तसाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट ट्रकची. नव्या शिपायाला उस्ताद समजावतो, "घाबरू नको. उडी मारली की छत्री आपोआप उघडते. नाही उघडली तर छातीवरची उघड. खाली उतरलास की ट्रक उभा असेल, त्यात गरम चहा आणि पुरी." शिपाई उडी मारतो. पाठीवरची छत्री उघडत नाही. छातीवरची ओढतो, तीही उघडत नाही. खाली खाली जात तो मनाशी म्हणतो, "दोन गोष्टी खोट्या निघाल्या. आता ट्रक आणि चहाही नसणार."

या गोष्टीला आमचे ग्रामसेवक सर्वात जास्त हसले. शासनाच्या योजनेची आणि खाली उभ्या नसलेल्या ट्रकची ओळख आपणा सर्वांनाच आहे. मीही हसलो, पण जरा जपून.

खरी छत्री घेऊन लढणारा

काही गोष्टी मात्र बनवलेल्या नाहीत, त्या इतिहासात नोंदलेल्या आहेत. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधल्या आर्नेम गावाजवळ इंग्रजांची छत्रीधारी फौज उतरली. तिच्यात डिग्बी टॅथम-वॉर्टर नावाचा मेजर होता. या गड्याला परवलीचा शब्द कधी लक्षात राहत नसे. अंधारात आपल्याच माणसाने गोळी घातली तर काय, म्हणून त्याने पावसाची साधी छत्री बरोबर घेतली. छत्री घेऊन लढाईत फिरणारा वेडा इंग्रजच असणार, हे कोणीही ओळखेल, असा त्याचा हिशोब. त्याच छत्रीचे टोक जर्मनांच्या चिलखती गाडीच्या फटीतून आत खुपसून त्याने चालकाला निकामी केले. तोफगोळे पडत असताना रस्ता ओलांडायला कचरणाऱ्या पाद्र्याला तो म्हणाला, घाबरू नका, माझ्याकडे छत्री आहे.

हे ऐकून आपण हसतो. पण त्या लढाईत सुमारे दहा हजार माणसे उतरली होती आणि नदी ओलांडून परत आली ती दोन हजारांहून थोडी जास्त. बाकीचे मेले किंवा कैद झाले. तो मेजरही जखमी होऊन पकडला गेला आणि पुढे निसटला. छत्रीची गोष्ट त्या परत आलेल्यांनी सांगितली आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मोठी फौज उतरायची होती. त्या रात्री इंग्रजांनी दुसरीकडेच शेकडो बाहुले छत्र्या बांधून विमानातून सोडले. गोणपाटाचे, आत भुसा भरलेले. जर्मन फौज त्यांच्यामागे धावली. काका म्हणतात, "आपलं बुजगावनं पाखरं हाकलते, त्यांच्या बुजगावन्यानं पलटन हाकलली."

टांगाईलची उडी आणि आग्र्याचा फोटो

आता आपल्या फौजेची गोष्ट. बांगलादेशच्या लढाईत ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे मूळची मराठ्यांची पलटण, टांगाईलजवळ उतरली. कमांडर होते लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू. पुढे त्यांना महावीर चक्र मिळाले. लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घ्यायचा आणि उत्तरेकडून ढाक्याकडे मागे सरकणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडवायची, हे काम होते.

उतरायची जागा आपल्यासारखीच होती. धानाचे शिवार, मधे मधे तळी आणि पाण्याचे ओहोळ. कादर सिद्दीकी यांचे मुक्तिसैनिक त्या भागात आधीच लढत होते. आकाशातून छत्र्या उतरताना पाहून गावोगावचे शेतकरी धावत आले आणि दारूगोळ्याची गाठोडी डोक्यावर घेऊन सैनिकांबरोबर चालू लागले. डोक्यावर धानाचे भारे वाहायची सवय तिथे कामी आली. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत. काकांचा एक मित्र त्यांपैकीच एका गावात राहतो. दोघे भेटले की काका त्याला म्हणतात, "तुझ्या गाववाल्यायनं आमच्या पलटनीचं वझं वाहलं. त्याची मजुरी अजून बाकी हाय." मित्र म्हणतो, "मजुरी म्हणून देश मिळाला, दादा."

या उडीत उतरलेले सैनिक सातशेच्या आसपास. परदेशी बातम्यांत मात्र आकडा गेला पाच हजारांवर! त्यामागे एका फोटोची गंमत आहे. सैन्याचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांच्याजवळ टांगाईलचा फोटो नव्हता. त्यांनी आग्र्याच्या जुन्या सरावाचा फोटो वर्तमानपत्रांना दिला. त्यात आकाशभर छत्र्याच छत्र्या दिसत होत्या. फोटो टांगाईलचा आहे असे त्यांनी लिहिले नाही, आणि नाही असेही लिहिले नाही. वाचणाऱ्यांनी आपापला हिशोब केला. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागती झाली. ढाक्यात सर्वात आधी शिरणाऱ्यांत हीच दुसरी बटालियन होती.

फोटोने लढाई जिंकली असे कोणी समजू नये. पूल माणसांनी घेतला, रात्रभर माणसांनीच राखला, आणि त्यात आपली माणसे कामीही आली. पण मागे उरलेल्यांना सांगायला गोष्ट हवी असते, आणि हसत सांगता येईल अशी गोष्ट जास्त दिवस टिकते.

चुकीचा सातबारा

१९८८ ची मालदीवची गोष्ट तलाठी मंडळींनी जरूर वाचावी. ३ नोव्हेंबरला पहाटे भाडोत्री बंडखोरांनी मालदीवची राजधानी माले ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी भारताकडे मदत मागितली. आग्र्याची छत्रीधारी ब्रिगेड त्याच रात्री दोन मोठ्या विमानांतून निघाली. निघण्यापूर्वी आग्र्यात टेबलावर नकाशा पसरला, विमानतळ दाखवला. आपले तिथले राजदूत ए. के. बॅनर्जी त्या वेळी योगायोगाने भारतात होते. त्यांनी नकाशा पाहिला आणि सांगितले, हा विमानतळ मालेचा नव्हेच, हा तर दूर दक्षिणेकडच्या दुसऱ्याच बेटावरचा! मग प्रवाशांसाठी छापलेल्या चित्रांच्या पुस्तकांवरून जागा समजून घेतली. राजदूतांनाच विमानात बसवून नेले. विमाने अंधारात हुलहुले विमानतळावर उतरली, उडीची गरजच पडली नाही, आणि काम फत्ते झाले.

काका तेव्हा नोकरीत होते. "सातबारा एका गट नंबरचा अन् नांगर दुसऱ्याच्या वावरात, असं झालं असतं," ते म्हणतात. "बरं झालं, वावर पायलेला मानूस संगं होता." माझ्या मते ही गोष्ट प्रत्येक कार्यालयात टांगून ठेवावी. कागद पाहून निर्णय घेण्याआधी ज्याने जागा पाहिली आहे त्याला विचारावे.

जी गोष्ट ते सांगत नाहीत

काकांची स्वतःची गोष्ट आग्र्याजवळच्या मलपुऱ्याच्या मैदानाची. वाऱ्याने त्यांना मैदानाबाहेर नेले आणि ते उतरले एका शेतकऱ्याच्या मोहरीत. छत्री गुंडाळायची सोडून शेतकऱ्याच्या या पोराने आधी मोहरीच्या शेंगा हातात घेऊन पाहिल्या. तेवढ्यात मालक काठी घेऊन आला. त्याला वाटले, आता हा आकाशातून पडून माझी शेंगसुद्धा तोडतो! काकांनी तोडक्या हिंदीत त्याला सांगितले की मावा पडला आहे, फवारा मार. शेतकऱ्याने काठी टाकली आणि चहा पाजला. "म्हंजे साहेब, कृषी अधिकारी मी तुमच्या आधीचा," असे ते मला ऐकवतात.

एका संध्याकाळी असेच हसणे चालू असताना एका पोराने विचारले, "काका, पन कोनाची छत्री खरंच नाही उघडली, असं झालं काय?"

काका गप्प झाले. उठले, म्हशींना पेंढी टाकून आले. मग बसले आणि हळू आवाजात बोलले. एका सरावात त्यांच्याच तुकडीतल्या, सातारकडच्या एका पोराची छत्री गुंतली. राखीव छत्री त्याने ओढली, पण उशीर झाला होता. त्या रात्री जेवणावर कोणी बोलेना. ताटे तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उडी होती. मोठे सुभेदार उठले आणि त्यांनी ती ट्रकची गोष्ट सांगायला घेतली. सगळ्यांनी शंभर वेळा ऐकलेली.

"कोनी हसलं नाही. सुभेदार सांगतच राहिले. शेवटी 'चहा बी नसन' म्हनाले अन् एक पोट्टा हसला. मंग सगळे हसले. हसता हसता सगळे रडले. सकाळी सगळ्यायनं उडी मारली. त्या दिवशी नसती मारली, साहेब, तर मंग जनमात नसती मारली."

अंगणात कोणी बोलले नाही. काका म्हणाले, "म्हनून ते गोष्ट मी सांगतो. त्याचं नाव नाही घेत. पर दर वेळी तो आठवते."

सभेत आम्हाला हसवणाऱ्या त्या स्टोअरच्या विनोदाकडे त्या दिवसापासून मी वेगळ्या नजरेने पाहतो. छत्री स्टोअरला परत करता येत नाही, हे सांगणाऱ्याला पक्के माहीत असते. भीती वाटते असे जवानाला उघड बोलता येत नाही. मग ती हसण्यात बांधून ठेवावी लागते, बांधीत पाणी बांधून ठेवावे तशी. बांध फुटला तर पऱ्हे वाहून जातात.

आणि या गोष्टींत हसणे कोणावर आहे तेही पाहा. शत्रूची टिंगल त्यात फारशी नाही. हसणे आहे ते स्वतःवर, आपल्या साहेबावर, आपल्या नकाशावर. बहुतेक गोष्टींच्या पोटात एक नियमही आहे. छत्री आधी तपासा. विचारायचे ते उडीआधी विचारा. जागा पाहिलेल्या माणसाचे ऐका. नव्या शिपायाला नियम सांगितला तर तो विसरतो, गोष्ट सांगितली तर विसरत नाही.

गोष्ट कोण पुढे नेणार?

अंगणातली पोरे अग्निवीर भरतीची तयारी करतात. २०२२ साली सुरू झालेल्या या योजनेत नोकरी चार वर्षांची, आणि त्यातून जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान पुढे कायम होतात. योजना चांगली की वाईट, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण काकांनी पोरांना जे विचारले ते मला विसरता येत नाही. "चार वर्षांत उडी तर शिकान बेटा. पर गोष्टी ऐकाले अन् सांगाले टाइम पुरन काय?" त्यावर एक पोरगा म्हणाला, "म्हनून तर आताच ऐकून राहिलो, काका." काकांना उत्तर आवडले.

याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या तीन लोंबा बाजूला काढून जपल्या, दर हंगामी पुन्हा लावल्या, आणि त्यातून एचएमटी धान उभे राहिले. ते २०१८ साली गेले, पण धान शिवारात आहे. त्या लोंबा कोणी वेचल्या नसत्या तर त्या इतर धानाबरोबर चुरणीत गेल्या असत्या. गावोगावच्या जुन्या जवानांच्या गोष्टींचे तसेच आहे. १९७१ पाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत.

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन येतो. ग्रामपंचायतीत निधी गोळा होतो, पावत्या फाटतात. त्याच दिवशी संध्याकाळी गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला शाळेच्या पडवीत खुर्ची द्या आणि पोरांना समोर बसवा. धान कापणी तोवर आटोपलेली असते. भाषण करायला सांगू नका, गोष्ट सांगा म्हणा. एका गुरुजींनी वहीत लिहून घ्यावी. हसतील तिथे हसू द्या आणि तो गप्प बसेल तिथे घाई करू नका. याला मंजुरी लागत नाही, निधीही लागत नाही.

आणि हो, मिठाच्या पाण्याचे प्रमाण कोणी विसरले असेल तर पुन्हा सांगतो. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम. पेरणीच्या आधी, नंतर नाही. छत्रीची गोष्ट आठवा.